राँग साइडची बाजू

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून गावी निघालो की कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, चेलाडी आणि मग कामथडी. गर्दी धरून दीड तास. एवढ्या वेळात माणसाला ज्या ज्या गोष्टींची चीड येऊ शकते, त्या सगळ्यांची येऊन जाते.

बोगद्यात शिरल्याबरोबर चारही इंडिकेटर लावणारे लोक. अरे बाबा, ते गाडी बंद पडल्यावर लावायचे असतात. चारही एकदम लुकलुकायला लागले तर तू आता डावीकडे जाणार की उजवीकडे, हे मागच्याने ओळखायचं कसं? समोरून येताना अप्पर खाली न घेणारे. मागून येऊन अप्पर मारत राहणारे, जणू मी बाजूला झालो की त्यांना थेट कोल्हापूरपर्यंत मोकळा रस्ता मिळणार आहे. उजव्या लेनमध्ये ताशी चाळीसने निवांत चाललेला कंटेनर, आणि त्याला डावीकडून ताशी बेचाळीसने ओव्हरटेक करणारा ट्रक. हे दोघं शेजारी शेजारी असताना मागे साठलेल्या पन्नास गाड्यांमधला प्रत्येक जण स्वतःला पहिल्या नंबरचा ड्रायव्हर समजत असतो. मीही.

पण या यादीत कितीतरी वर्षं पहिल्या नंबरवर होता तो राँग साइडवाला. हायवेच्या कडेने समोरून येणारा, बहुतेक वेळा बिनलाइटचा, बहुतेक वेळा मागे काहीतरी लादलेला दुचाकीवाला. दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, खताचं पोतं, कधी बायको आणि दोन पोरं. हा दिसला की माझा हात आपोआप हॉर्नवर जायचा आणि तोंडातून जे निघायचं ते इथे छापता येणार नाही.

मागच्या वर्षी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी डॅशकॅमचा व्हिडिओ टाकला. असाच एक म्हातारा, अशाच किटल्या. खाली प्रतिक्रिया: ‘यांना लायसन्स देतं कोण?’, ‘एकदा उडवला की बाकीचे सुधारतील’, ‘गावठी लोकांना सहापदरी रस्ता देऊन उपयोग नाही’. तिसऱ्या प्रतिक्रियेखाली चौदा अंगठे होते. त्यातला एक माझा होता. मी कामथडीचा, माझं घर त्या सहापदरी रस्त्याला लागून, आणि अंगठा दिला तेव्हा मला स्वतःबद्दल काहीसुद्धा वाटलं नाही.

हा लेख त्या अंगठ्याविरुद्ध आहे.

आधी जागा समजावून सांगतो, कारण ताशी शंभरने जाणाऱ्याला ती दिसत नाही. आमच्याकडे थडी म्हणजे काठ. नावात काठ आहे तो नदीचा असणार, पण माझ्या पिढीने काठ पाहिला तो हायवेचाच. आजोबांच्या वेळी तो दोन गाड्या जेमतेम मावतील एवढा पुणे-बंगळूर रोड होता, बैलगाडी आरामात आडवी जायची. मी शाळेत जायच्या सुमाराला तो चौपदरी झाला. 2010 मध्ये पुणे-सातारा सहापदरीकरण सुरू झालं, ते 2013 मध्ये संपायचं होतं. मी तेव्हा सातवी-आठवीत होतो. नंतर दहावी झाली, इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, कर्ज काढून गाडी घेतली, आणि त्या गाडीतून जातानाही मला कुठे ना कुठे ‘काम चालू रस्ता बंद’ची पाटी भेटतच राहिली. या काळात रस्त्याचं नाव एनएच 4 चं एनएच 48 झालं. गावातले लोक अजून त्याला नुसतं ‘रोड’ म्हणतात.

प्रत्येक वेळी रस्ता रुंद झाला, तसं गावाचं पलीकडे जाणं लांब झालं. हे कुठल्या नकाशात दाखवत नाहीत. नकाशात पुणे-सातारा अंतर किती मिनिटांनी कमी झालं ते येतं. आमचे शेजारचे आबा आणि दुधाची डेअरी यांच्यातलं अंतर किती वाढलं, ते येत नाही.

ते मी मोजलंय. आबांचा गोठा आणि डेअरी हायवेच्या एकाच अंगाला आहेत, मध्ये चारशे मीटर. अडचण एवढीच की डेअरी पुण्याच्या दिशेला आणि त्या अंगाची वाहतूक साताऱ्याकडे. म्हणजे नियमाने जायचं तर आबांनी आधी साताऱ्याच्या दिशेने पुढे जायचं, जिथे पलीकडे जाता येतं तिथे जायचं, मग पुण्याच्या दिशेने डेअरी मागे टाकून आणखी पुढे जायचं, पुन्हा अलीकडे यायचं आणि मग डेअरी. साडेतीन किलोमीटर. येताना मात्र चारशे मीटर, कायदेशीर. सकाळ-संध्याकाळ दोन खेपा धरल्या तर दिवसाला सहा किलोमीटरच्या वर जास्तीचे, वर्षाला साधारण सव्वादोन हजार. आबांनी दर वर्षी एक्सएलवर दोन किटल्या घेऊन पुण्याहून दिल्लीला जायचं आणि अर्ध्या वाटेपर्यंत परत यायचं, असा या रस्त्याचा आग्रह आहे. पेट्रोलचे चार-साडेचार हजार वेगळे. फॅटला कमी भाव लागला म्हणून जो माणूस डेअरीत रुपया-दीड रुपयासाठी भांडतो, तो हे पैसे आणि हा वेळ रस्त्याच्या सन्मानार्थ देईल, असं ज्याने गृहीत धरलं त्याने आयुष्यात दूध घातलेलं नाही.

चालणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. साडेतीन किलोमीटर चालून पलीकडच्या वावरात कोण जाईल? साडीचा ओचा खोचून दुभाजक चढणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. तुम्हाला त्या एक सेकंद दिसतात. त्या तिथे गाड्यांमध्ये फट पडायची वाट बघत पाच-पाच मिनिटं उभ्या असतात.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘पण हायवे आहे ना तो! हायवेवर असं चालत नाही.’ इथे एक घोळ आहे आणि तो मुद्दाम कुणी सोडवत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे 2002 मध्ये पूर्ण झाला. तो बंदिस्त आहे, तिथे दुचाकीला बंदी, ट्रॅक्टरला बंदी, पायी माणसाला बंदी. आमचा रस्ता एक्सप्रेसवे नाही. त्यावर ट्रॅक्टर कायद्याने चालतो, बैलगाडी कायद्याने चालते, शाळेतून पोरं कायद्यानेच कडेने चालत येतात. उसाच्या दिवसांत साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या असतात. नवरात्रात रात्री-अपरात्री मांढरदेवीहून ज्योत घेऊन पळणारी पोरं असतात, शिवजयंतीला गडावरून येणारी असतात. अनवाणी, पाळी बदलत, मागे एक टेम्पो आणि त्यावर भगवा. आमच्या भागातली ही सगळ्यात मोठी लांब पल्ल्याची धावण्याची स्पर्धा म्हणा ना, फक्त नंबर कुणाचा येत नाही आणि रस्ता बंद करायला पोलीस नसतात. हे सगळे या रस्त्याचे हक्काचे वापरकर्ते आहेत. रुंदी एक्सप्रेसवेची आणि काठ गावाचा, असा रस्ता बांधायचा, मग गाडीवाल्याने रुंदी बघून वेग धरायचा आणि काठावरच्याला ‘गावठी’ म्हणायचं.

आता आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दर वर्षी अपघातांचा अहवाल काढतं. 2022 च्या अहवालानुसार देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. त्यातले सुमारे 36 टक्के मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवरचे, आणि हे महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीच्या दोन टक्क्यांच्या आसपास. कारणांचा तक्ता बघा. अतिवेगाच्या खात्यावर सुमारे 71 टक्के मृत्यू. राँग साइडच्या खात्यावर पाच टक्क्यांच्या आसपास. मेलेल्यांत 44 टक्के दुचाकीवरचे आणि 19 टक्क्यांहून जास्त पायी चालणारे.

कुणी म्हणेल, पोलिसांना कारण लिहायचा कंटाळा असतो, काही सुचलं नाही की ‘अतिवेग’ लिहितात. मान्य. ते 71 निम्मे करा. तरी पस्तीस उरतात आणि समोर पाचच. तरीही आमच्या ग्रुपवर राँग साइडचे व्हिडिओ येतात आणि वेगाचे स्क्रीनशॉट येतात. ‘बंगळूर, अकरा तास दहा मिनिटं’ असा नकाशाचा फोटो, खाली टाळ्या. अकरा तास दहा मिनिटांत बंगळूर म्हणजे किती गावांच्या काठावरून किती वेगाने गेला असशील, याचा हिशोब कुणी मागत नाही. राँग साइडवाल्याचा गुन्हा लांबून दिसतो. माझा गुन्हा डॅशबोर्डवरच्या काट्यात असतो आणि तो काटा फक्त मला दिसतो.

नवले पुलावरचा 20 नोव्हेंबर 2022 चा अपघात आठवत असेल. कात्रजच्या बोगद्याकडून येणारा उतार, रात्रीची वेळ, एका मालट्रकने एकामागून एक डझनावारी गाड्या चेपल्या. आधी सगळे म्हणाले ब्रेक फेल. नंतर तपासात सांगितलं गेलं की ड्रायव्हरने उताराला गाडी न्यूट्रलवर सोडली होती. डिझेल वाचवायला. तो ट्रक राँग साइडने आला नव्हता. आपल्या बाजूने, आपल्या दिशेने, रीतसर आला होता. आणि डिझेल वाचवण्याची त्याची अक्कल व आबांची पेट्रोल वाचवण्याची अक्कल एकाच झाडाची असली, तरी एकाच्या हातात कित्येक टन आहेत आणि दुसऱ्याच्या पायाशी दोन किटल्या.

या सगळ्याचा विचार मी आधी केला होता असं नाही. तो माझ्यावर येऊन आदळला. म्हणजे, आदळता आदळता राहिला.

गेल्या जूनमधली गोष्ट. पाऊस नुकताच लागलेला. आमच्याकडे जून म्हणजे भाताचे तरवे टाकून झालेले, ट्रॅक्टर वावरातून चिखल घेऊन रोडवर येतात, आणि तो चिखल पहिल्या पावसात तेलासारखा पसरतो. शनिवार-रविवारची गर्दी सुरू व्हायचे दिवस. राजगड, तोरणा, बनेश्वर, वरंध घाट. सनरूफमधून पोरं बाहेर काढून फिरणाऱ्यांविषयी मला आणखी एक लेख लिहायचाय, पण तो राहू दे. तर शुक्रवार होता, साडेसात वाजून गेले होते, चेलाडी मागे पडली होती. कामामुळे तेवढ्या टप्प्यात दोनच लेन उरल्या होत्या, आणि दोन्हींत तेच माझ्या यादीतलं जोडपं: उजवीकडे कंटेनर, डावीकडे ट्रक. सात-आठ मिनिटं मी त्यांच्या मागे होतो. घर दोन किलोमीटरवर आलेलं. वायपर जोरात, काचेवर वाफ. मी डाव्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर गाडी घातली आणि दाबली. ट्रक मागे टाकला तेव्हा काटा नव्वदवर होता.

तेवढ्यात समोर एक पिवळट उजेड. बारका, हलणारा. लाइट होता त्याला, खोटं कशाला बोलू.

मी हॉर्नवर बसलो, उजवीकडे स्टिअरिंग मारलं, ट्रकच्या पुढे जेमतेम घुसलो. ट्रकवाल्याने अप्पर मारला, हॉर्न मारला, त्याचं बरोबरच होतं. आरशात तो पिवळा उजेड आधी डावीकडे वळला, मग तिरका झाला, मग आडवा. मी थांबलो नाही. चारशे मीटरवर घर होतं, मी घरी गेलो, जेवलो.

नंतर मी हिशोब मांडला. इंजिनिअर माणसाला दुसरं काय येतं? ताशी नव्वद म्हणजे सेकंदाला 25 मीटर. काहीतरी दिसलं, ते मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद धरा, म्हणजे 25 मीटर तिथेच गेले. ओल्या रस्त्यावर पुढे गाडी थांबायला आणखी पंचाहत्तर-ऐंशी. एकूण शंभराच्या वर. डिपरचा उजेड पावसात साधारण पन्नास-साठ मीटर. म्हणजे जे मला दिसत होतं तेवढ्यात थांबणं मला शक्यच नव्हतं. आबांच्या जागी चिखलात बसलेलं वासरू असतं, पंक्चर काढणारा बाप असता, ट्रकमधून पडलेलं पोतं असतं, तरी तेच झालं असतं. यातलं काहीही राँग साइडने येत नाही. हाच हिशोब ताशी पन्नासने केला तर चाळीस मीटरच्या आत गाडी उभी राहते. समोरून कुणी का येईना.

हो, आबाच होते.

सकाळी डेअरीवर गेलो तर त्यांच्या कोपराला हळद लावून फडकं बांधलेलं. एक किटली चेपलेली, सगळं दूध सांडलेलं. भोवती चार-पाच जण. ‘आबा, काय झालं वो?’ मी विचारलं.

‘रातच्याला एक पांढरी गाडी आली बघ. बाहीरच्या अंगानं. लई जोरात व्हती. म्या खाली घातली म्हून वाचलो.’

माझी गाडी पांढरी आहे. अर्थात हायवेवरच्या निम्म्या गाड्या पांढऱ्याच असतात. मी म्हणालो, ‘शहरातली असतील, आबा. त्यांना कुठे काय कळतं.’

त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

नंतर मी कायदा उघडला. मोटार वाहन कायद्याचं 184 वं कलम, धोकादायक ड्रायव्हिंगचं. 2019 च्या दुरुस्तीत तिथे उदाहरणंच दिली आहेत. वाहतुकीच्या दिशेविरुद्ध गाडी चालवणं हे त्यात आहे, आणि त्याच्या लगेच वरती कायद्याविरुद्ध ओव्हरटेक करणं आहे. मी आणि आबा एकाच कलमात, एकाखाली एक, शेजारीच. शिक्षाही एकच: पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. व्हिडिओ मात्र आबांचा निघतो.

त्याच दुरुस्तीत 198अ नावाचं एक कलम आलं. रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न करणारा अधिकारी, कंत्राटदार, सल्लागार, आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी कायमचा जायबंदी झाला, तर दंड. किती? एक लाखापर्यंत. कैद नाही. आबांना कायद्याने तुरुंगात घालता येतं. चारशे मीटरचे साडेतीन किलोमीटर करणाऱ्याला, कुणी मेलं आणि त्याची चूक सिद्ध झाली तरी, फार तर एका बऱ्यापैकी मोबाइलची किंमत भरावी लागते. हे कलम तुम्ही कुठल्या ग्रुपवर फॉरवर्ड झालेलं पाहिलंय?

माझ्या ऑफिसात एक जुना नियम आहे. एका वापरणाऱ्याने चुकीचं बटण दाबलं तर ती त्याची चूक. रोज शेकडो लोक तेच चुकीचं बटण दाबत असतील तर बटण चुकीच्या जागी आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी थांबून ते आपणच हलवायचं आहे. तेव्हा ‘लोकच अडाणी आहेत’ असं मीटिंगमध्ये म्हणून बघा, मॅनेजर काय म्हणतो ते. अ‍ॅपमध्ये एक बटण जास्त दाबावं लागतं म्हणून आम्ही तीन-तीन आठवडे घालवतो. आणि त्याच ऑफिसातून बाहेर पडून गाडीत बसलो की आम्हाला वाटतं, रस्ता बरोबर आहे, माणसं चुकीची आहेत.

आमच्या गावातल्या पोरांना हे आमच्यापेक्षा चांगलं कळतं. मी लहान असताना आम्ही रोडच्या कडेच्या मोकळ्या रानात टेनिस बॉलने खेळायचो. तिथला पहिला नियम: बॉल रोडवर गेला की आऊट. सिक्स कितीही लांब असो, आऊट. आणि मारणाऱ्याने तो आणायला जायचं नाही. मोठ्या पोरांपैकी कुणीतरी दोन्ही बाजूंना बघून जायचं. हा नियम कुणी मोठ्या माणसाने घातला नव्हता. एकदा बॉलमागे धावताना एका पोराची चप्पल ट्रकखाली गेली, नुसती चप्पल, आणि दुसऱ्या दिवशीपासून नियम लागू झाला. त्यामुळे आमच्यातले सगळे लेग साइडला कच्चे राहिले, कारण रोड त्या बाजूला होता. पुढे कॉलेजच्या टीममध्ये मला पुल मारता येईना तेव्हा कोच वैतागायचा. त्याला काय सांगणार? दहा-बारा वर्षांच्या पोरांनी एका चपलेवर खेळाचा नियम बदलला. 1,68,491 वर आम्ही काय बदललं?

आता गावाकडच्यांनी टाळ्या वाजवायला घेतल्या असतील तर थांबा. राँग साइडला बाजू आहे म्हणून ती बरोबर होत नाही. आबांचं चारशे मीटर मी समजू शकतो. पण धाब्यावर जायला तीन किलोमीटर उलटं येणारी, मोबाइल कानात खोचलेली ट्रिपल सीट पोरं आहेत, त्यांचं मला काही समजून घ्यायचं नाही. ट्रॉलीला मागे एक लाल पट्टी लावायला पैसे नाहीत, पण ट्रॅक्टरवर कान फाटतील असे स्पीकर लावायला आहेत. गाडीवाल्याला बोट दाखवायचं आणि आपलं पोर हेल्मेटशिवाय पाठवायचं, याला मी बाजू म्हणत नाही. आणि ‘आमच्या जमिनी गेल्यात, आम्ही कसंही जाऊ’ हे वाक्य मी माझ्याच घरात ऐकलंय. जमिनी गेल्या हे खरं. पण समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला तुमचा सातबारा दिसत नाही.

तरी हे दोन दोष एका तराजूत घालायला माझा विरोध आहे. आबा चुकले तर आबा मरतात. मी चुकलो तरी आबाच मरतात. माझ्या गाडीला एअरबॅग सहा आहेत.

मागणी फार मोठी नाही. जिथे गोठा आणि डेअरी, शाळा आणि वस्ती, वावर आणि घर रस्त्याने तोडलंय, तिथे दोन्ही दिशांनी जाता येईल असा सलग सर्व्हिस रोड. अर्धा किलोमीटर होऊन मध्येच शेतात संपणारा नको, सलग. पायी माणसाला पलीकडे जायला वाट, आणि ती जिथे माणसं खरंच ओलांडतात तिथे. जिथे बांधायला सोपी पडते तिथे नव्हे. हे होईपर्यंत गावाच्या हद्दीत गाडीवाल्याचा वेग कमी. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेने अशा दुभाजकवाल्या रस्त्यावर कारला जास्तीत जास्त 100 ची मुभा दिली आहे. ती कमाल आहे. आमच्यातले बरेच जण ती किमान समजून चालवतात.

मी चेलाडी सोडली की आता साठवर येतो, पावसात पन्नासवर. डाव्या लेनमध्ये, पट्टीच्या आत. लोक मागून अप्पर मारतात. परवा एकाने शेजारून जाताना काच खाली करून मला जे म्हटलं ते मी पूर्वी इतरांना म्हणायचो, त्यामुळे शब्द ओळखीचे होते. घरी पोचायला चार मिनिटं जास्त लागतात.

आबांना मी अजून सांगितलेलं नाही. किटली नवीन आणून दिली, म्हणालो, ऑफिसात बोनस मिळाला. त्यांनी घेतली. दिवाळीत गेलो तेव्हा पुण्याहून रेडियमची एक गुंडाळी नेली होती. एक्सएलच्या मागच्या मडगार्डला आणि किटल्यांच्या मागच्या बाजूला लाल पट्ट्या चिकटवत बसलो होतो. आबा शेजारी उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, ‘फुडनं बी लाव रं दोन. सकाळच्याला जाताना गाड्या फुडनंच येत्यात.’